सतरा कमानींचा आरसेमहाल

व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल 73 मीटर लांब, साडेदहा मीटर रुंद आणि 12.3 मीटर उंच आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीत बागेवर उघडणाऱ्या सतरा उंच कमानदार खिडक्या आहेत. समोरच्या भिंतीत त्याच मापाच्या सतरा कमानी आहेत, पण त्या बंद आहेत. प्रत्येकीत 21 याप्रमाणे 357 आरसे बसवलेले आहेत. वर कमानदार छत, आणि त्या छतावर चौदाव्या लुईच्या स्वतंत्र कारभाराचा 1661 ते 1678 हा काळ तीस चित्रांत रंगवलेला. महालाचे काम 1678 मध्ये सुरू झाले आणि 1684 मध्ये छताची चित्रे पुरी होऊन ते संपले. मराठी वाचकाला या जागेची ओळख असते ती बहुधा शाळेच्या इतिहासातून, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहामुळे. हा तह मुद्दाम याच दालनात का झाला, याचे उत्तर मात्र या भिंती आणि हे छत कसे सजवले गेले, यात सापडते.

पॅरिसच्या नैर्ऋत्येला असलेल्या व्हर्सायला तेराव्या लुईने 1623 मध्ये शिकारीसाठी एक लहानसे घर बांधले, आणि पुढे दहा-अकरा वर्षांत ते वाढवले. त्याच्या मुलाला, चौदाव्या लुईला, ही जागा फार प्रिय होती. 1661 मध्ये कारभार स्वतःच्या हाती घेतल्यापासून त्याने तिथे बांधकाम काढले ते जवळजवळ आयुष्यभर थांबले नाही. 1668 च्या सुमारास वास्तुकार लुई ल व्हो याने वडिलांच्या जुन्या घराला तीन बाजूंनी नवी दगडी इमारत घातली. बागेच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, उत्तरेला राजाची दालने आणि दक्षिणेला राणीची, अशी मांडणी झाली. मधोमध उघडी गच्ची राहिली. इटलीच्या हवेत अशी गच्ची शोभली असती. उत्तर फ्रान्सच्या पावसात आणि थंडीत ती वर्षाचा बराच काळ निरुपयोगी ठरे, आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्याला वारा-पाऊस झेलावा लागे. आरसेमहाल उभा आहे तो या गच्चीच्या जागेवर.

1678 साल निवडले गेले त्यालाही कारण होते. डच प्रजासत्ताकाविरुद्ध 1672 मध्ये सुरू झालेले युद्ध नाइमेखेनच्या तहांनी संपत आले होते. स्पेनकडून फ्राँश-काँते हा प्रांत मिळाला होता, आणि चाळिशीला टेकलेला लुई युरोपातला सर्वांत बलाढ्य राजा झाला होता. दरबार आणि सरकार कायमचे व्हर्सायला हलवायचे हेही ठरत आले होते. या युद्धाचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले होते. मद्रासजवळचे सेंट थोम फ्रेंचांनी 1672 मध्ये जिंकले आणि दोन वर्षांनी डच व गोवळकोंड्याच्या सैन्यापुढे गमावले. मग फ्रान्स्वा मार्तँ याच्या हाताखालचे मूठभर फ्रेंच पाँडिचेरीला तळ देऊन राहिले. 1677 मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले तेव्हा याच मार्तँने वकील पाठवून त्यांच्याकडून अभय मिळवले. व्हर्सायच्या छतावर ज्या युद्धाचा जयजयकार आहे, त्याच युद्धातले हे एक दूरचे पान.

महालाचा वास्तुकार ज्यूल आर्दुआँ-माँसार काम सुरू झाले तेव्हा जेमतेम बत्तिशीचा होता. त्याने गच्ची बंद केली, दोन्ही टोकांची एकेक खोली महालाला जोडून घेतली आणि राजाची दालने थेट राणीच्या दालनांशी सांधली. उत्तरेच्या टोकाच्या खोलीला युद्धाचे दालन म्हणतात, दक्षिणेच्या टोकाच्या खोलीला शांततेचे. युद्धाच्या दालनात आँत्वान क्वाझव्हो याने गिलाव्यात घडवलेले मोठे लंबगोल उठावचित्र आहे: घोड्यावर स्वार झालेला लुई शत्रूंना तुडवत पुढे निघाला आहे. ल व्होची गच्ची भिंतीत मागे सरलेली होती, त्यामुळे बागेकडच्या दर्शनी बाजूला खोलगट छायेची एक पोकळी होती. ती बुजल्यावर राजवाड्याची ती बाजू लांबलचक आणि काहीशी एकसुरी झाली, हे खरे. त्याच्या बदल्यात आत जे मिळाले, त्याला तोड नाही.

महाल अरुंद आणि लांब आहे. अशा दालनाला उजेड मिळतो तो एकाच बाजूने, आणि आतली भिंत काळोखी राहते. युरोपातल्या त्या काळच्या अशा बहुतेक लांब दालनांत या आतल्या भिंतीवर चित्रे टांगत किंवा गालिच्यासारखे विणलेले पडदे लावत. माँसारने तिथे आरसे लावले, आणि तेही खिडक्यांच्या बरोबर समोर, खिडक्यांच्याच आकारात. त्यामुळे बाग, पाण्याचे हौद, दूरवर गेलेला कालवा आणि आभाळ हे सगळे आतल्या भिंतीवरही दिसते. खिडक्या पश्चिमेला असल्याने दुपार कलली की ऊन तिरपे होऊन महालात शिरते, आरशांवर आदळून परत खिडक्यांकडे जाते, आणि मधली सारी हवा सोनेरी होते. सूर्य हे लुईचे निवडलेले चिन्ह होते. त्याच्या महालात सूर्य दोन्ही बाजूंनी यावा अशी ही योजना आहे. खांब, छत, सोन्याचा मुलामा यांतले काहीही या एका कल्पनेइतके धाडसी नाही.

धाडस केवळ कल्पनेचे नव्हते. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला, मोठा, डाग नसलेला आरसा म्हणजे व्हेनिसचा आरसा असे समीकरण होते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचकाम चाले. तिथल्या कारागिरांना मोठा मान होता, पण बेटाबाहेर जाऊन धंद्याचे गुपित सांगणारा राजद्रोही समजला जाई. फ्रान्सचा अर्थमंत्री झाँ-बातिस्त कोल्बेर याला आरशांपायी देशाबाहेर जाणारा पैसा सलत होता. 1665 मध्ये त्याने आरशांचा राजाश्रित कारखाना स्थापन केला आणि व्हेनिसमधल्या फ्रेंच वकिलामार्फत मुरानोचे काही कारागीर फोडून पॅरिसला आणले. व्हेनिसने त्यांना परत वळवण्यासाठी आमिषे दाखवली, धमक्याही दिल्या. 1667 च्या सुरुवातीला त्यांच्यातले दोघे थोड्या दिवसांच्या अंतराने मरण पावले तेव्हा विषप्रयोगाची कुजबूज झाली. उरलेले बहुतेक मायदेशी परतले. तोवर नॉर्मंडीतल्या तुर्लाव्हिल इथल्या भट्टीत फ्रेंच कारागिरांना तशी काच करणे साधले होते, आणि ती भट्टी राजाश्रित कारखान्यात सामील करून घेण्यात आली. 1672 मध्ये व्हेनिसच्या आरशांच्या आयातीवर बंदी आली.

आरसेमहालातला प्रत्येक आरसा म्हणून त्या कारखान्याची जाहिरातही आहे. परदेशी वकील महालातून चालत जाई तेव्हा फ्रान्सला आता व्हेनिसची गरज उरली नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे.

एका कमानीत एकच मोठा आरसा न लावता 21 लहान तुकडे का लावले, याचे उत्तर काच बनवण्याच्या रीतीत आहे. भट्टीतली वितळलेली काच लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन फुंकत आणि तिचे लांबट नळकांडे करत. मग ते उभे चिरून, पुन्हा तापवून, सपाट उघडत. माणसाच्या फुफ्फुसाला आणि हाताला जेवढे नळकांडे पेलेल तेवढाच तावदानाचा आकार. ही काच ओबडधोबड असे. वाळू आणि पाण्याने ती आधी घासत, नंतर अधिकाधिक बारीक भुकटीने गुळगुळीत करत, आणि कडा तिरप्या तासत. त्यानंतर कलईचे काम. दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, काच एका बाजूने सरकवत त्यावर न्यायची म्हणजे मध्ये हवेचा बुडबुडा राहत नाही, आणि वर वजने ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. पारा आणि कथील एकजीव होऊन काचेला धरून बसत. आरसा वापरायोग्य व्हायला आठवडे लागत. पाऱ्याच्या वाफेत रोज काम करणाऱ्या माणसांचे हात काही वर्षांत कापू लागत, दात पडत. झगमगाटाच्या या भागाचा हिशेब दरबारी कागदांत क्वचितच येतो, पण महालाच्या किमतीत तोही धरायला हवा.

या पद्धतीच्या आरशातली प्रतिमा आजच्या आरशासारखी लख्ख आणि कठोर नसते. तिला राखाडी, थोडी पाणीदार छटा असते. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी अगदी काटेकोर समपातळीत नसल्याने जोडावर प्रतिमा किंचित सरकते. एकच झुंबर चार ठिकाणी जरा जरा वेगळे दिसते. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात ही सरकण्याची क्रिया सतत चालू राहत असणार. पुढे 1680 च्या दशकाच्या अखेरीस वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतून मोठे ताव करण्याची रीत फ्रान्समध्ये निघाली आणि 1690 च्या दशकात ते काम सँ-गोबँ या गावी स्थिरावले. तोच कारखाना आज सेंट गोबेन या नावाने जगभर चालतो. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर इथल्या त्याच्या कारखान्यातली काच मुंबई-पुण्याच्या घरांना आणि कचेऱ्यांना लागते. आरसेमहाल ओतीव काचेच्या थोडा आधीचा. तुकड्यांची ही जाळी त्या काळाची मर्यादा होती, आणि माँसारने तिचीच नक्षी केली.

आरशांच्या कमानींमधल्या आणि खिडक्यांमधल्या भिंतींवर राँस इथल्या लाल संगमरवराचे अर्धस्तंभ आहेत. राँस आजच्या बेल्जियममध्ये येते. या अर्धस्तंभांची सोनेरी कांस्याची शीर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. युरोपीय वास्तुकला स्तंभांचे घाट ग्रीस आणि रोमकडून आलेले मानते: डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि त्यांची दोन रोमन भावंडे. कोल्बेरला यांच्या पंक्तीला बसेल असा खास फ्रेंच घाट हवा होता आणि त्यासाठी 1671 मध्ये त्याने स्पर्धाही पुकारली. आरसेमहालातली शीर्षे शार्ल ल ब्रँ याच्या रेखाटनावरून केलेली आहेत. कोरिंथियन शीर्षातल्या पानांच्या जागी इथे ताडाची पाने आहेत, वर फ्रेंच राजघराण्याचे लिलीचे फूल, आणि दोन्ही कोपऱ्यांत डोके वर केलेला एकेक कोंबडा. कोंबडा हे फ्रान्सचे चिन्ह. खालून जाणाऱ्याचे सहसा तिकडे लक्ष जात नाही, आणि हा नवा घाट पुढे फारसा कुणी उचललाही नाही. तरी दगडापासून शीर्षाच्या कोपऱ्यापर्यंत एकही जागा बोलकी केल्यावाचून सोडायची नाही, हा आग्रह त्यातून कळतो.

हा आग्रह ल ब्रँचा. 1619 मध्ये जन्मलेला हा चित्रकार राजाचा प्रथम चित्रकार होता आणि पॅरिसच्या गोब्लँ इथल्या राजाश्रित कारखान्याचा प्रमुखही होता. गोब्लँमध्ये विणकर, सोनार, लाकूडकाम करणारे, ओतारी, पच्चीकाम करणारे असे शेकडो कारागीर एका छताखाली काम करत, आणि त्या सर्वांना नमुने ल ब्रँकडून मिळत. त्यामुळे आरसेमहालाचे छत, शीर्षे आणि मेज-दिवे एकाच हाताची वाटतात. त्याच्या मृत्यूनंतर राजाने त्याच्या कार्यशाळेतली रेखाटने ताब्यात घेतली. सुमारे 3000 रेखाटने आज लूव्रमध्ये आहेत. छतावरच्या एखाद्या हाताची मूठ, घोड्याची मान, वस्त्राची चुणी त्याने आधी कागदावर किती वेळा तपासली, ते त्यांत दिसते.

छताचा विषय मात्र दोनदा बदलला. ल ब्रँने आधी सूर्यदेव अपोलोची कथा योजली होती. ती बाजूला पडली. मग हर्क्युलिसचे पराक्रम आले. बलाढ्य वीराच्या आडून राजाची स्तुती करण्याची युरोपात जुनी वहिवाट होती. त्या योजनेची रेखाटनेही झाली. मग राजाच्या मंत्रिमंडळाने ठरवले की देवादिकांचा आडोसा नको, राजाची कामगिरी थेट राजाच्याच रूपात रंगवावी. हा निर्णय त्या काळाच्या मानाने धीट होता. हयात राजाचे इतके उघड चरित्र एवढ्या मोठ्या छतावर याआधी क्वचितच कुणी चढवले असेल.

ल ब्रँने तोडगा काढला तो असा: राजा खरा, घटना खऱ्या, पण भोवतालचे सारे रूपकांचे. लुईच्या अंगावर रोमन चिलखत आहे आणि खांद्यावर त्याचे नेहमीचे लांब कुरळे केस. ज्ञानदेवता मिनर्व्हा त्याला सल्ला देते, युद्धदेव मार्स रथ हाकतो, कीर्ती पंख पसरून मुकुट धरते. शत्रूही रूपकांतच येतात: स्पेन आणि हॉलंड यांच्याबरोबर त्यांचे सिंह, जर्मन साम्राज्याबरोबर त्याचा गरुड. महालाच्या मध्यावरचे मोठे चित्र 1661 चे आहे. राजा कारभार स्वतः पाहायला लागतो तो क्षण. तिथून दोन्ही टोकांकडे डच युद्धाचे प्रसंग पसरतात. 1672 मध्ये सैन्याने ऱ्हाइन ओलांडली त्या चित्रात राजा हातात वज्र घेऊन रथात बसला आहे आणि हर्क्युलिस मागून तो रथ रेटतो आहे. हर्क्युलिसला छतावरून पूर्ण हटवले गेले नाही, फक्त त्याची नेमणूक बदलली. दुसऱ्या एका चित्रात 1678 मध्ये सहा दिवसांत घेतलेले गेंट शहर आहे. मोठ्या चित्रांमधल्या लहान चौकटींत मुलकी कामे येतात: 1662 च्या दुष्काळात धान्यवाटप, खजिन्याची शिस्त, न्यायव्यवस्थेतली सुधारणा, दोन समुद्रांना जोडणारा कालवा, जखमी सैनिकांसाठी बांधलेले इनव्हालिद. युद्धाच्या गदारोळात या लहान चौकटी हरवतात. राज्य म्हणजे काय याची जाण मात्र त्यांतच अधिक दिसते.

मोठी चित्रे कॅनव्हासवर रंगवून छताच्या वळणाला चिकटवलेली आहेत. रंगवलेले क्षेत्र सुमारे 1000 चौरस मीटर आहे. ल ब्रँने मदतनिसांसह हे काम सुमारे चार वर्षांत उरकले. 6 मे 1682 रोजी दरबार व्हर्सायला राहायला आला तेव्हा अर्धा महाल अजून परांच्यांनी भरलेला होता. कोल्बेर 1683 मध्ये वारला आणि बांधकाम खाते लुव्हुआ या मंत्र्याकडे गेले. त्याची मर्जी ल ब्रँचा प्रतिस्पर्धी मिन्यार याच्यावर होती. आयुष्यातले सर्वांत मोठे काम लोकांसमोर आले आणि लगोलग ल ब्रँचे दिवस पालटू लागले.

चित्रांखालच्या ओळींचीही एक हकिकत आहे. पहिल्यांदा त्या फ्रान्स्वा शार्पांतिए या फ्रेंच अकादमीच्या सदस्याने लिहिल्या. त्या इतक्या विशेषणांनी लदलेल्या होत्या की दरबारातच त्यांच्यावर टीका झाली. त्या पुसून टाकण्यात आल्या आणि राजाचे इतिहासकार म्हणून नेमलेले कवी बुआलो आणि रासीन यांच्याकडून साधी, घटना आणि साल सांगणारी वाक्ये लिहून घेतली गेली. आज दिसतात ती ही. रासीन हा फ्रेंच भाषेतला पहिल्या प्रतीचा नाटककार; त्याने इथे स्वतःचे कौशल्य मागे ठेवले. चित्रे इतकी ओसंडून वाहत असताना शब्दांनी गप्प बसावे, हा त्याचा निवाडा अचूक होता.

महाल पुरा झाला तेव्हा त्यातले सामान चांदीचे होते. मेजे, दीपस्तंभ, धूपदाण्या, फुलदाण्या, आणि संत्र्याची झाडे लावलेल्या कुंड्याही चांदीच्या. गोब्लँच्या सोनारांनी ल ब्रँच्या रेखाटनांवरून हे सारे घडवले होते. आरशांत त्या चांदीचे आणि पानांचे प्रतिबिंब पडे. हे दृश्य जेमतेम पाच वर्षे टिकले. डिसेंबर 1689 मध्ये, फ्रान्सविरुद्ध एकवटलेल्या ऑग्सबुर्ग संघाशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा म्हणून, राजाने राजवाड्यातले चांदीचे सारे सामान टांकसाळीत पाठवण्याचा हुकूम दिला. सुमारे 20 टन चांदी वितळली. जी रक्कम हाती आली ती घडणावळीच्या खर्चापुढे किरकोळ होती, कारण खरे मोल कारागिरीत होते आणि ते मुशीत उरले नाही. ही भट्टी धगधगत असतानाच, फेब्रुवारी 1690 मध्ये, ल ब्रँ वारला. आरसेमहालाच्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान कुणा शत्रूने केले नाही, ते खुद्द मालकाच्या हुकमाने झाले.

नंतर तिथे सोनेरी मुलाम्याचे लाकडी सामान आले. 1770 मध्ये युवराजाच्या, म्हणजे पुढच्या सोळाव्या लुईच्या, मारी आंत्वानेतशी झालेल्या लग्नासाठी दिवे तोललेले सोनेरी पुतळे घडवले गेले. आज महालात दोन्ही बाजूंना उभे दिसतात ते त्यांच्यावरून केलेले. कोनाड्यांत प्राचीन मूर्ती होत्या. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल इथे 1651 मध्ये सापडलेली व्हीनस शिल्पकार जिरार्दोंने दुरुस्त केली आणि ती इथे ठेवली गेली. आता ती लूव्रमध्ये आहे.

या महालात एरवी सिंहासन नसे. सिंहासनाचे दालन वेगळे होते. रोज सकाळी राजा प्रार्थनामंदिराकडे जाताना इथून चाले, आणि दोन्ही बाजूंना मानकरी, अर्जदार, नुसते पाहायला आलेले लोक दाटी करून उभे असत. नीट पोशाख केलेला कोणीही आत येऊ शके, आणि राजाच्या कानावर दोन शब्द घालण्याची हीच संधी असे. पावसाळी दिवशी दरबारी मंडळी इथेच फेऱ्या मारत. 1701 मध्ये राजाचे शयनगृह या महालाच्या बरोबर मागे, राजवाड्याच्या मध्यावर आले. आरशांच्या भिंतीपलीकडे राजा झोपे.

मोठ्या वकिलातींच्या वेळी मात्र शांततेच्या दालनाकडच्या टोकाला चौथरा उभारून त्यावर सिंहासन मांडत. पाहुण्याला राजापर्यंत पोहोचायला सारा महाल चालावा लागे, डोक्यावर राजाचे विजय आणि बाजूला स्वतःचेच प्रतिबिंब घेऊन. मे 1685 मध्ये जिनोआचा दोजे, म्हणजे तिथला निवडलेला प्रमुख, असा चालत आला. आदल्या वर्षी फ्रेंच आरमाराने त्याच्या शहरावर तोफा डागल्या होत्या. दोजेने कारकिर्दीत शहर सोडायचे नाही असा जिनोआचा कायदा होता, तो लुईने मोडायला लावला. व्हर्सायमध्ये सर्वांत नवल कशाचे वाटले, असे विचारल्यावर त्याने आपण स्वतः इथे असण्याचे, असे उत्तर दिल्याचे सांगतात. 1 सप्टेंबर 1686 रोजी सयामचा राजा नाराय याचे वकील कोसा पान याच्या नेतृत्वाखाली आले. तेव्हा सिंहासन चांदीचे होते, तीन वर्षांनी तेही वितळले. फेब्रुवारी 1715 मध्ये इराणच्या वकिलाच्या स्वागताला सत्तरी ओलांडलेल्या लुईने हिऱ्यांनी मढवलेला पोशाख घातला. त्याच्या ओझ्याने राजा वाकला होता, असे दरबारातला आठवणीकार सँ-सिमोन नोंदवतो. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला राजा वारला.

पंधराव्या लुईच्या काळात इथे नाच अधिक झाले. फेब्रुवारी 1745 मधल्या एका मुखवट्यांच्या नाचात राजा आणि त्याच्याबरोबरचे काही जण बागेत छाटतात तशा झाडांचे सोंग घेऊन आले होते. पुढे मादाम द पोंपादूर म्हणून गाजलेली स्त्री राजाच्या जवळ आली ती त्या सुमारास. 6 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसच्या जमावाने राजघराण्याला राजधानीत नेले. राजवाड्यातले सामान क्रांतीच्या काळात लिलावात गेले. भिंतीतले आरसे आणि छत जागच्या जागी राहिले. लुई-फिलिप राजाने 1837 मध्ये राजवाड्याचे संग्रहालय केले.

फ्रान्स-प्रशिया युद्धात राजवाड्यात जर्मन जखमींसाठी इस्पितळ होते. 18 जानेवारी 1871 रोजी, पॅरिसला वेढा पडलेला असताना, याच महालात जर्मन राजे आणि सेनापती जमले आणि प्रशियाचा राजा विल्हेल्म याला जर्मन सम्राट म्हणून घोषित करण्यात आले. डोक्यावर ऱ्हाइन ओलांडणारा लुई आणि नमलेला जर्मन गरुड होता. या छताने ज्यांचा अपमान केला होता, त्यांनीच आपल्या एकीची घोषणा त्याखाली केली. जागा निवडणाऱ्यांना तिचा अर्थ पुरता ठाऊक होता.

फ्रान्सला तो दिवस अठ्ठेचाळीस वर्षे सलत राहिला. म्हणून 28 जून 1919 रोजी पंतप्रधान क्लेमेन्सो यांनी पराभूत जर्मनीचे प्रतिनिधी हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल यांना सही करायला याच महालात आणले. चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम समोर बसवले होते. हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. चित्रकार विल्यम ऑर्पेन याने त्या सोहळ्याचे चित्र काढले, त्यात महाराजा दिसतात. त्याच चित्रात ऑर्पेनने माणसांना अगदी खाली, बारके करून बसवले आणि त्यांच्यावर आरशांच्या कमानी उंच उभ्या केल्या. दालनाचा जोर त्याने बरोबर ओळखला होता. त्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसने निवडलेल्या प्रतिनिधींत लोकमान्य टिळक होते. ते तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते, पण त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी करणारे निवेदन त्यांनी लंडनहूनच क्लेमेन्सो यांना पाठवले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेतल्या जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या देणगीतून राजवाड्याची छपरे दुरुस्त झाली. महालाचे सर्वांत मोठे जतनकाम 2004 ते 2007 या काळात झाले. विंची या बांधकाम कंपनीने त्यासाठी 1 कोटी 20 लाख युरो दिले. महाल एका वेळी अर्धाच झाकला, त्यामुळे लोकांची ये-जा चालू राहिली. छतावरची काजळी, जुनी रोगणे आणि नंतरच्या दुरुस्त्यांत चढवलेले रंग काढल्यावर ल ब्रँचे मूळ निळे आणि लाल रंग पुन्हा दिसू लागले. आरशांपैकी थोडेच बदलावे लागले. बहुतेक आरसे पारा आणि कथलाचे, जुनेच आहेत. फ्रेंच प्रजासत्ताक आजही बड्या पाहुण्यांची मेजवानी इथे देते: 1961 मध्ये केनेडी दांपत्याला, 2023 मध्ये ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांना.

प्रवाशांच्या गर्दीत बहुतेक जण आरशांसमोर उभे राहून छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. जाणाऱ्याने आधी महालाच्या मध्यावर, आरशांकडे पाठ करून, मान वर करावी आणि 1661 चे चित्र शोधावे. तिथून दोन्ही टोकांकडे वाचत गेले की छत समजते. मग एखाद्या लाल अर्धस्तंभाच्या शीर्षावरचा कोंबडा पाहावा. दुपार उतरल्यावरचा वेळ सर्वांत चांगला, कारण ऊन तेव्हा आरशांपर्यंत पोहोचते. सोमवारी राजवाडा बंद असतो.